पेटीतला धागा

कडूबा तिसऱ्यांदा आला तो लेकराला खांद्यावर टाकून आला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

आधीच्या दोन खेपा बायकोला न्यायला तो एकटाच आला होता. एकट्या गड्याला परत धाडणं काही अवघड नसतं. अन्नपूर्णाबाईनं दोन्ही वेळा त्याला देऊळघाटच्या वेशीवरूनच वाटेला लावलं होतं. ‘बाधा अर्धी उतरली, अर्धी राह्यली. आता नेशील तर उलटेल,’ एवढं सांगितलं की झालं. कडूबा मलकापूरच्या जिनात कापसाच्या गठाणी उचलणारा साधा माणूस. बाईचा शब्द त्याला देवाच्या शब्दासारखा. मान खाली घालून गेला होता बिचारा, आणि जाताना दोन्ही वेळा बाईच्या पाया पडला होता.

आज मात्र चैत्रातल्या भल्या सकाळी बाई घागर घेऊन बाहेर पडली, तर हा बाभळीखाली उभा. आदल्या दिवशीच्या मोटारीनं राजूरचा घाट चढून बुलढाण्याला उतरलेला, रात्र मामाच्या घरी काढलेली, आणि पहाटेच पायी निघून आलेला. खांद्यावर दोन-अडीच वर्षांचं पोरगं, नाव कारभारी. झोपेत त्याच्या तोंडातून लाळ गळून बापाच्या सदऱ्यावर ओला डाग पडला होता.

“कारभारीले आनलं बाई,” कडूबा म्हणाला. “म्हनलं, लेकरू पाहून तिचं ध्यान परत येईल.”

बाईनं घागर खाली ठेवली. बाभळीपासून तिचं घर वीस पावलांवर. आत जातं घरघरत होतं आणि जात्यावर कडूबाची बायको कोकिळा गात होती. चांगली मोकळ्या गळ्यानं गात होती हो! अडीच महिन्यांपूर्वी जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती. कडूबानं कान टवकारले. त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की बाईला बघवेना.

“तीच गाऊन राह्यली नं?” त्यानं विचारलं. “बरी झाली का बाई?”

आता इथं एक ‘हाव’, म्हणजे हो, म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण माणसाचं तोंड कधी कधी माणसाचं राहत नाही.

“नाही,” अन्नपूर्णाबाई म्हणाली. “गाते ते तिचं तिले समजत नाही. लेकराले तर दाखवूच नको. त्याले पाहून उलटलं तर मंग माह्या हातात काही राह्यणार नाही.”

कडूबानं बोटांवर आखाजीपर्यंतचे, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंतचे दिवस मोजले. मग म्हणाला, “आखाजीले माय माही दुसरी बायको करून देऊन राह्यली. पाहुणे पाहून गेले. म्या म्हनलं, चैत्र सरेपर्यंत थांब. आता काय सांगू तिले?”

“देवीच्या मनात असेल तसं होईल.”

तिनं असं देवीचं नाव पुढं केलं, आणि तो गेला. उद्या दुपारच्या मोटारीपर्यंत मामाकडंच आहे, एवढं सांगून गेला. जाताना पोरगं जागं झालं आणि बापाच्या खांद्यावरून बाईकडं टुकुटुकू बघत राहिलं. आत जात्यावरचं गाणं चालूच होतं.

अन्नपूर्णाबाई वाईट बाई होती असं कुणी समजू नका. तालुक्यात तिच्यासारखी ऐकणारी दुसरी नव्हती. ‘ऐकणारे’ म्हणायचे त्या माणसांना. नागपुराहून वऱ्हाडचा कारभार चालायचा त्या दिवसांत खेड्यापाड्यांत डोकं फिरलेल्या माणसाला दोनच वाटा होत्या. एक तर मिरच्यांचा धूर आणि लिंबाच्या फोकाचा मार, नाहीतर या ऐकणाऱ्यांचा ओटा. ऐकणारे मारत नव्हते, धूर देत नव्हते. माणूस चाळीस दिवस त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा, तिला बसणूक म्हणत. रोज देवापुढं दिवा लागायचा, नाव घेतलं जायचं, आणि मग पोटातलं जे काय असेल ते बोलायचं, रडायचं, नाहीतर गप्प बसायचं. ऐकणाऱ्यानं ऐकायचं. आलेली माणसं त्याला बाधा म्हणायची म्हणून हेही बाधाच म्हणायचे, शब्दावरून भांडण कशाला? अन्नपूर्णाबाईच्या ओट्यावर शेंदूर फासलेला देवीचा तांदळा, म्हणजे मूर्तीऐवजीचा गोटा, होता, आणि त्याच्यापुढं बसून किती बायकांनी पोटातला दगड बाहेर काढला याची गणती नव्हती.

कोकिळा माघात आली. बाळंत होऊन बारा दिवसांची पोर गेली, आणि त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. थोरल्या पोराला जवळ घेईना, विहिरीच्या काठावर जाऊन बसे, अंग घुमू लागलं की दोघा-तिघांना आवरत नसे. सासू म्हणे, पोर गिळली अवदसेनं. कडूबानं तिला गाडीत घालून बाईकडं आणलं. पंधरा दिवसांनी ती पहिल्यांदा रडली. महिन्यानं बोलली. फाल्गुन अर्धा सरला तेव्हा तिचे चाळीस दिवस भरले आणि ती बरी झाली. हे बाईला पक्कं माहीत होतं. ज्या दिवशी कोकिळेनं जात्यावर बसून पहिल्यांदा गाणं म्हटलं आणि मध्येच स्वतःच हसली, त्याच दिवशी माहीत झालं होतं.

पण ते हसणं ऐकून बाईच्या हातातलं सूप खाली पडलं होतं. कारण वच्छी तशी हसायची.

वच्छी म्हणजे बाईची एकुलती एक लेक. आठ वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात, एकोणिसाव्या वर्षी वारली, तीही सासरी. बाई पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर हे घर मुकं होतं. आता त्यात जातं फिरत होतं, चुलीपुढं कुणी बसत होतं, आणि एका संध्याकाळी कोकिळेनं तिला ‘माय’ म्हणून हाक मारली. बसणुकीत तसं म्हणू द्यायचं नसतं. ऐकणारीनं बाईच राहायचं, माय व्हायचं नाही. ही रीत अन्नपूर्णाबाईनं स्वतः दुसऱ्यांना शिकवली होती. तरी ती ‘ओ’ देऊन बसली.

कडूबा लेकराला घेऊन आला नेमकी त्याच दिवशी दुपारी ऐकणाऱ्यांची बैठक होती.

पौर्णिमेनंतरच्या पहिल्या गुरुवारी, म्हणजेच जुम्मेरातीला, ही बैठक वहाबचाचांच्या पडवीत भरायची. वहाबचाचा पिंजारी. साठ वर्षं कापूस पिंजला, आता मोतीबिंदूनं डोळे गेले आणि पिंजण पोरांच्या हाती आली. तेही ऐकणारे, आणि सगळ्यांत जुने. त्यांच्या उस्तादानं ही रीत घालून दिली होती, की जो दुसऱ्यांचं ऐकतो त्याचंही ऐकणारं कुणीतरी पाहिजे, नाहीतर एक दिवस तोच बसतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं आणि आपापल्या ओट्यावर काय चाललंय ते एकमेकांपुढं ठेवायचं. नियम तीन. बसलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही, फक्त विचारायचं. आणि दुसऱ्याचं दुखणं सांगायच्या आधी, ते ऐकताना आपल्या स्वतःच्या पोटात काय झालं ते सांगायचं. ‘आधी आपलं,’ असं चाचा म्हणायचे.

आणि दोरी. प्रत्येकाची सुताची एकेक दोरी असायची. नवं माणूस बसलं की त्याच्या अंगावरच्या कपड्याचा एक धागा काढून दोरीला बांधायचा. माणूस बरं होऊन गेलं की धागा सोडून नदीला द्यायचा. बैठकीला सगळ्यांच्या दोऱ्या चाचांच्या हातात जायच्या. चाळीस दिवसांवर एखादा धागा राहिला तर ऐकणाऱ्याला जाब द्यावा लागे. रागावायला नव्हे, पण द्यावा लागे.

कोकिळेचा धागा हिरवा होता. फाल्गुनातल्या बैठकीपर्यंत चाळीस दिवस भरले होते, म्हणून बाईनं तो सगळ्यांदेखत सोडला. ‘बरी होऊन जाऊन राह्यली,’ म्हणाली. बैठकीतल्या निवृत्तीबुवांनी हात जोडले होते तेव्हा. घरी आल्यावर मात्र तिनं कोकिळेला कुठंच जाऊ दिलं नाही.

आता हिरवा धागा पुन्हा कसा बांधणार? आणि माणूस तर बसलेलं आहे, रिकामी दोरी घेऊन जाणं म्हणजे उघडं खोटं. नाव घ्यायचं नसल्यामुळं नवा धागा दिसला तर कुणी विचारणार नव्हतं, नवीन कुणी बसलं म्हणतील. कडूबा गेल्यावर बाईनं घाईघाईनं जुनी पेटी उघडली, तळाशी हात घातला, हाताला लागलं त्या लुगड्याच्या काठाचा एक धागा ओढला आणि दोरीला बांधला. कोणतं लुगडं ते तिनं पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहिलं. पाहिलं, आणि तरी ओढला.

बैठकीला चौघंच असत. चाचा, बाई, सुलतानपुराहून दोन दिवस आधी निघून येणारे निवृत्तीबुवा, आणि शेषराव मास्तर. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं पुस्तकी, पण पोरासोरांचं दुखणं त्यांना जेवढं कळे तेवढं कुणाला कळत नसे. बुवांनी देवाचं नाव घेतलं, चाचांनी दुवा मागितली, आणि एकाच सुरईतलं पाणी चौघं प्याले. गाव या पाण्यावरून जे बोलायचं ते बोलायचं. बोलो बापडं.

आधी बुवा बोलले. भलामोठा माणूस, पखवाजासारखं पोट, आणि चेहरा मात्र पोरासारखा लाजलेला.

“माह्या समोर एक म्हातारा बसते,” ते म्हणाले. “भला माणूस हाये. पन तो बोलाले लागला का मले झोप येते. डोये मिटते हो! परवा चक्क घोरलो.”

मास्तर हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “कोनत्या बोलन्यावर येते झोप?”

बुवांनी आठवून पाहिलं. “पोराले मारल्याचं सांगते तवा.”

“आन तुमाले कोन मारे?”

बुवांनी उपरणं हातात गोळा केलं. मग त्यांच्या त्या मोठ्या देहातून बारीक आवाज आला, “बाप मारे. म्या गोधडीत तोंड घालून झोपल्याचं सोंग करो.”

बस. बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “आता नाही येणार झोप.” आणि चाचा म्हणाले, “आली तर आली. पन कायले आली ते आता तुमाले ठाव हाये.”

अन्नपूर्णाबाई हे सगळं ऐकत होती आणि तिचं ध्यान नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं त्या पोराचं टुकुटुकू बघणं होतं. आपली पाळी पटकन यावी आणि पटकन जावी असं तिला वाटत होतं.

चाचांनी हात पुढं केला. तिनं दोरी दिली. म्हाताऱ्याची बोटं दोरीवरून सरकत गेली आणि धाग्यापाशी थांबली.

“नवं माणूस बसलं?”

“हाव चाचा. आठ दिस झाले. बाईमानूस हाये. बोलत नाही, घुमते...” बाई भराभर सांगू लागली. कोकिळेचंच माघातलं सगळं, जसंच्या तसं. सांगताना तिला घाम फुटला, पण तोंड चालूच होतं.

चाचा तिला थांबवत नव्हते. ते धागा चिमटीत धरून चोळत होते. एकदा नाकाशी नेला. पुन्हा चोळला. बाईचे शब्द आपोआप कमी कमी होत बंद पडले.

“बाई,” चाचा म्हणाले, “माहे डोये गेले, पन बोटं हायेत. अंगावरच्या कपड्याचा धागा नरम पडते. घाम खाते, चुलीचा धूर खाते, धुऊन धुऊन त्याले लव येते. हा कोरडा हाये. घडीत जसा मोडला तसाच वाळला, हे पाहा. आन वास कडूलिंबाच्या पाल्याचा. लय वर्सं पेटीत राह्यलेलं लुगडं हाये हे.” ते थांबले. पुढचं बोलताना त्यांचा आवाज एकदम खाली आला. “हे लुगडं कोनी नेसत नाही, बाई.”

बाईला वाटलं, उठावं आणि पळावं. मग वाटलं, म्हाताऱ्यावर ओरडावं. तुम्हाला दिसत नाही तर कशाला उगाच, असं काहीतरी लागट बोलावं. तोंडापर्यंत आलंही ते.

“आधी आपलं,” चाचा म्हणाले.

“वच्छीचं हाये,” बाई म्हणाली.

आणि मग तिचा बांध फुटला. रडत नव्हती, पण सगळं सांगत सुटली. हिरवा धागा खोटा सोडला, पोरगी बरी होऊन महिना उलटला, जात्यावर वच्छीसारखी हसते, मले माय म्हणते, नवरा दोनदा आला, दोनदा हाकलला. “आन आज सकाळी लेकराले घेऊन आला होता. वीस पावलांवर होतं हो लेकरू! आत माय गाऊन राह्यली, बाहेर लेकरू. म्या देवीचं नाव घेतलं आन परत धाडलं. आखाजीले त्याची दुसरी बायको येऊन राह्यली, हे बी मले ठाव होतं. ठाव असून धाडलं.”

शेषराव मास्तरांचा चेहरा लाल झाला. “अहो, पण हे म्हणजे—”

“मास्तर,” चाचांनी हात वर केला. “फक्त इचारा.”

मास्तर मागं टेकले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, आणि ती शिव्यांपेक्षा वाईट होती. “नवरा येऊन गेला, हे तिला ठाऊक आहे का?”

“नाही,” बाई म्हणाली. “होळीच्या दिवशी तिनं इचारलं होतं. म्या नाही म्हनलं.”

बुवा डोळे मिटून नाव घेत होते. बाई उठली. कासावीस होऊन उठली, पदर कुठं नि काय कुठं.

“बसा,” चाचा म्हणाले. “पानी प्या. रागात जाऊ नका. सोताच्या रागात तर बिलकुल नका जाऊ, नाहीतर तठी जाऊन तुमीच रडसान आन त्या पोरीले तुमचं ऐकाव लागन.”

ती पाणी प्याली. चाचांनी दोरीवरचा धागा सोडला, नदीला द्यायला सांगितला नाही की तिला परतही दिला नाही. आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. “हा माह्यापाशी राहू द्या,” एवढंच बोलले.

ती घरी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. कोकिळेनं भाकरी थापल्या होत्या, तव्यावर बेसन रटरटत होतं.

“माय, आज उशीर काऊन?” तिनं विचारलं.

बाई उंबऱ्यातच बसली. “कोकिळे, तू बरी झाली. उद्या सकाळी तुले घरी न्यायचं.”

कोकिळेचा हात हवेतच राहिला. तिनं बेसनाचा तवा चुलीवरून उतरवून बाजूला सरकवला, आणि मग तिचे डोळे फिरले, मान गरगरू लागली, केस सुटले, आणि घशातून तो माघातला घोगरा आवाज निघू लागला.

वीस वर्षं हेच बघत आलेली बाई ती. माघात ही पोर घुमायची तेव्हा अंगावरच्या लुगड्याचं भान नसायचं, चुलीत पडली असती तरी कळलं नसतं. आज मान घुमत होती आणि डावा हात खाली सरकणारा पदर सावरत होता. आणि तवा तर आधीच उतरवून झाला होता.

बाईला एकदम सगळं समजलं, आणि ते समजणं तोंडात मारल्यासारखं होतं. घरी जायचं नाव निघालं की आपणच म्हणायचो, ‘अजून थोडी बाधा हाये वं.’ पोरीनं शिकून घेतलं होतं. इथं राहायचं तर आजारी असायला पाहिजे. चांगलं झालेलं माणूस आपण पुन्हा वेडं व्हायला शिकवलं.

“कोकिळे, थांब,” ती म्हणाली. “कडूबा आला होता. तीनदा आला.”

मान थांबली. केसांच्या आडून दोन शहाणे, घाबरलेले डोळे बाईकडं बघू लागले.

“होळीच्या आधी एकदा, नंतर एकदा, आन आज सकाळी. तिन्ही खेपा म्या हाकलला. तू बरी नाही म्हनून सांगलं.”

“म्या तुमाले इचारलं होतं,” कोकिळा हळूच म्हणाली. “तुमी म्हनल्या, कोनी नाही आलं. म्या समजली, मी नकोच झाली त्याईले. म्हनलं मंग अठीच मरू.”

“आज कारभारी बी होता. खांद्यावर झोपला होता.”

हे ऐकून कोकिळा किंचाळेल, अंगावर येईल असं बाईला वाटलं. यायला पाहिजे होती. ती उभी राहिली.

“कुठी?”

“बाभळीपाशी.”

कोकिळा बाहेर गेली. बाभळीखाली जाऊन उभी राहिली, मग तिथून घराकडं बघितलं, जणू अंतर मापत होती. खाली वाकून मातीकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं, कडूबाच्या वहाणांचे ठसे होते तेवढेच. अंधारून येईपर्यंत ती तिथं बसली होती. आत आली ती आपलं बोचकं बांधायला लागली. बेसन थंड झालं. त्या घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी दोघी बुलढाण्याला चालत निघाल्या. बाईनं दोनदा बोलायचा प्रयत्न केला. ‘म्या चुकली वं’ एवढं तिला म्हणायचं होतं. पण चाचांचं बोलणं आठवलं, आणि तिनं ते गिळलं. आपलं ओझं या पोरीच्या डोक्यावर का द्यायचं? कोकिळा दहा पावलं पुढं चालत होती.

कडूबाच्या मामाचं घर बाजाराच्या मागं होतं. अंगणात पोरगं मातीत बसून चिंचोके खेळत होतं. कडूबा ओट्यावरून उठला आणि तसाच उभा राहिला. त्याला एवढंच दिसत होतं, की बायको स्वतःच्या पायांनी चालत आली आहे आणि तिची नजर सरळ आहे.

“कारभारी,” कोकिळेनं हाक मारली.

पोरानं वर पाहिलं. तिच्याकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं, आणि उठून धावत जाऊन बापाच्या पायांना मिठी मारली. धोतरात तोंड खुपसून त्यानं विचारलं, “बाबा, हे कोन?”

कडूबा रडायला लागला. “अरे, माय हाये तुही, माय!” म्हणत तो पोराला पुढं ढकलू लागला, आणि पोरगं भेदरून आणखीच चिकटलं.

“नका ढकलू त्याले,” कोकिळा म्हणाली. ती जवळ गेली नाही. पाच-सहा हातांवर मातीत उकिडवी बसली, एक चिंचोका उचलला आणि तळहातावर ठेवून हात लांब केला. पोरगं आलं नाही. ती तशीच बसून राहिली. बाईनं तिला ओट्यावर अडीच महिने असंच तर बसवलं होतं, घाई न करता. हे मात्र पोरगी बाईकडूनच शिकली होती.

अन्नपूर्णाबाई दाराशी उभी होती. तिला बस कुणी म्हटलं नाही. कडूबा भानावर येऊन तिच्या पाया पडायला निघाला, तशी ती मागं सरकली.

“पाया पडू नको,” ती म्हणाली. “म्या तुले खोटं सांगलं होतं. ती कवाच बरी झाली. तुह्या मायले सांग, चूक बाईची होती, सुनेची नाही.”

कडूबाला त्यातलं किती कळलं देव जाणे. तो बघतच राहिला. कोकिळेनं मान वळवली नाही. हात तसाच लांब ठेवून, पोरावरची नजर न काढता ती म्हणाली, “जा आता तुमी, बाई.”

माय नाही, बाई. रीतीप्रमाणं अगदी बरोबर म्हणाली. देऊळघाटपर्यंतच्या वाटेत अन्नपूर्णाबाईला ते एवढंच ऐकू येत राहिलं.

वैशाखातल्या बैठकीला ती रिकामी दोरी घेऊन गेली. महिनाभर तिनं ओट्यावर कुणाला बसवून घेतलं नव्हतं. दोन बाया आल्या, त्यांना तिनं बुवांचं ठिकाण सांगितलं. आखाजी होऊन गेली होती. मलकापूरहून काही कळलं नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर चाचा म्हणाले, “बाई, तुमाले निरोप हाये. माहा पोरगा मलकापूरले गेला होता, तठी जिनात तो मानूस भेटला. दुसरं लगन मोडलं. सासू अजून बोलत नाही तिच्याशी. आन तिनं सोता सांगून धाडलं, का लेकराले मले माय म्हनाले अकरा दिवस लागले. बाईले एवढं सांगा म्हने.”

“अजून काही?”

“नाही. एवढंच.”

अकरा दिवस. बाईनं मनात ते एकेक करून मोजले. अकरा सकाळी, अकरा संध्याकाळी, आणि प्रत्येक वेळी मातीत लांब केलेला तो हात.

तिनं आपली दोरी चाचांपुढं ठेवली. “ही आता तुमीच ठेवा. आन माही गाठ तुमच्या दोरीले बांधा, चाचा. मले बसू द्या. तुमच्यापाशी तो धागा हाये नं?”

चाचांनी खिशातून वच्छीच्या लुगड्याचा धागा काढला. दोन बोटांत धरून एकदा चोळला. मग चाचपडत तिचा हात शोधला आणि धागा तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली.

“हा तुमचा हाये, जपून ठेवा. पन हा दोरीत येत नाही,” ते म्हणाले. “बसनाऱ्याच्या अंगावरचा लागते.”

आणि त्यांनी तिच्या पदराचा काठ चिमटीत धरला. नेसूचं जुनं, विटलेलं लुगडं, घामाचं आणि चुलीच्या धुराचं. त्यातला एक धागा ओढून त्यांनी आपल्या दोरीला बांधला, दोनदा खेचून बघितला, आणि भिंतीला टेकून बसले.

“बोला बाई,” ते म्हणाले. “चाळीस दिस हायेत.”

अन्नपूर्णाबाईनं मूठ घट्ट केली. वच्छीच्या सासरहून सांगावा आला तेव्हा आपण चुलीपुढं काय करत होतो, तिथून तिनं सांगायला सुरुवात केली.